फिट चालू असताना शिरेतून भराभर दिलेलं औषध सुरक्षित असतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅज्युअल्टीच्या दाराबाहेर उभे असलेले नातेवाईक आणि आत पहिल्यांदाच रात्रपाळी करणारे डॉक्टर-सिस्टर यांच्या मनात बऱ्याचदा एकच भीती असते: एवढं औषध एवढ्या घाईने दिलं तर काही होणार तर नाही? म्हणून इथली उत्तरं दोघांसाठी मिळून लिहिली आहेत. मात्रांचे आकडे दवाखान्यात काय चाललंय हे कळावं म्हणून दिले आहेत. घरी वापरायला नाहीत.

फिट आपोआप थांबते ना? मग सुई टोचायची एवढी घाई कशाला?

बहुतेक फिट खरोखरच दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. त्यांना शिरेतून काहीही द्यावं लागत नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं आणि घड्याळ बघायचं, एवढंच काम.

घड्याळ बघायचं कारण पाचव्या मिनिटात आहे. इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या संघटनेने २०१५ साली केलेल्या व्याख्येनुसार सर्वांगाला झटके देणारी फिट ५ मिनिटांपलीकडे गेली, की ती आपली आपण थांबण्याची शक्यता कमी धरायची आणि उपचार सुरू करायचा. ३० मिनिटांपलीकडे गेली, तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका धरायचा. पाच मिनिटांपलीकडे लांबलेल्या या अवस्थेला डॉक्टरांच्या तोंडी नुसतं ‘स्टेटस’ म्हणतात.

उशीर महागात पडतो, त्याला आणखी एक कारण आहे. मेंदूत गाबा नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं. डायझेपॅम, लोराझेपॅम, मिडाझोलॅम ही बेंझोडायझेपिन गटातली औषधं तोच ब्रेक जोरात दाबतात. पण फिट जसजशी लांबते तसतसे पेशींच्या पृष्ठभागावरचे गाबाचे ग्राहक, म्हणजे गाबा जिथे जाऊन चिकटतं त्या जागा, आत ओढले जातात. जे इंजेक्शन सहाव्या मिनिटाला एका फटक्यात काम करतं, तेच अर्ध्या तासाने अपुरं पडतं. मग दुसरं, तिसरं औषध लागतं आणि खरे दुष्परिणाम तिथून वाढत जातात.

या इंजेक्शनांनी श्वास थांबतो म्हणे. खरं का?

थांबू शकतो, म्हणून तर ऑक्सिजन, तोंडातली लाळ ओढून घेणारं सक्शन आणि हाताने दाबून श्वास देण्याची अँब्यू बॅग उशाशी ठेवूनच ती देतात. पण चालू फिटसुद्धा श्वास अडवते, हे या प्रश्नात विसरलं जातं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या अँब्युलन्समध्ये २०५ रुग्णांवर एक चाचणी झाली होती, २००१ साली ती प्रसिद्ध झाली. काहींना शिरेतून लोराझेपॅम, काहींना डायझेपॅम आणि काहींना औषध नसलेलं नुसतं द्रावण दिलं. रुग्णालयात पोहोचेपर्यंत लोराझेपॅम मिळालेल्यांपैकी ५९ टक्क्यांची, डायझेपॅमवाल्यांपैकी ४३ टक्क्यांची आणि नुसत्या द्रावणावर २१ टक्क्यांची फिट थांबली होती. श्वासाचा किंवा रक्ताभिसरणाचा त्रास दोन्ही औषधांच्या गटांत १०-११ टक्के जणांना झाला. ज्यांना औषधच मिळालं नव्हतं त्यांच्यात तो साडेबावीस टक्के होता. दुपटीहून जास्त.

इंजेक्शन द्यावं की न द्यावं या वादात मला याहून बोलका आकडा माहीत नाही.

मग निदान थोडं थोडं देऊन बघायला काय हरकत आहे?

हरकत मोठी आहे. आपल्याकडेच नव्हे, जगभर होणारी ही चूक आहे. श्वासाच्या भीतीने २ मि.ग्रॅ. लोराझेपॅम दिलं जातं, दहा मिनिटं वाट बघितली जाते, मग आणखी १ मि.ग्रॅ. फिट थांबत नाही, औषध मात्र शरीरात साठत जातं. प्रौढ माणसाची नेहमीची पूर्ण मात्रा किलोमागे ०.१ मि.ग्रॅ., एका वेळी जास्तीत जास्त ४ मि.ग्रॅ., आणि फिट चालूच राहिली तर आणखी एकदा. ती मिनिटाला साधारण २ मि.ग्रॅ.च्या वेगाने जाते, म्हणजे दोन मिनिटांचं काम.

पूर्ण मात्रा एकदाच आणि वेळेवर, हे अर्ध्या मात्रांच्या हप्त्यांपेक्षा श्वासालाही सोयीचं असतं. दोन पूर्ण मात्रांनंतर मात्र त्याच गटातलं तिसरं-चौथं इंजेक्शन देत बसू नये, पुढच्या औषधाकडे वळावं. इथे सबुरीचं फळ गोड नसतं.

एक बारीक गोष्ट अँब्युलन्समधूनच निरोपात यायला हवी: घरी किंवा आधीच्या दवाखान्यात एखादी मात्रा देऊन झाली आहे का? ती मोजली नाही, तर ‘पहिली’ मात्रा प्रत्यक्षात तिसरी ठरते.

शीरच सापडत नसेल तर?

हात-पाय झटके देत असताना शीर शोधणं किती अवघड असतं, हे कुठल्याही सिस्टरना विचारा. अशा वेळी शिरेचा हट्ट सोडावा. २०१२ साली अमेरिकेत झालेल्या रॅम्पार्ट चाचणीत अँब्युलन्समधल्या काही रुग्णांना मांडीत मिडाझोलॅम दिलं, काहींना शिरेतून लोराझेपॅम. रुग्णालयात पोहोचताना मांडीच्या गटात ७३ टक्क्यांची फिट थांबलेली होती, शिरेच्या गटात ६३ टक्क्यांची. श्वासनळीत नळी घालावी लागण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, १४ टक्क्यांच्या आसपास. शिरेतलं औषध चढल्यावर काम लवकर करतं, पण शीर मिळेपर्यंतचा वेळ हिशेबात धरला की मांडीचं इंजेक्शन जिंकतं.

मात्रा ४० किलोंवरच्या माणसाला १० मि.ग्रॅ., १३ ते ४० किलोंच्या मुलाला ५ मि.ग्रॅ. डायझेपॅम मात्र स्नायूत देऊ नये. ते तिथून धड शोषलं जात नाही. पुढे येणाऱ्या फेनिटॉइन या औषधाचंही तेच.

प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी मिडाझोलॅमचा आणखी एक फायदा: लोराझेपॅमच्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात, मिडाझोलॅमच्या नाही. विदर्भातल्या मे महिन्यात, दिवसाआड वीज जाणाऱ्या गावी, हा फरक लहान नाही.

पहिल्या औषधाने थांबली नाही तर पुढचं कोणतं? सगळ्यात सुरक्षित कोणतं?

तीन नावं ऐकू येतील: लेव्हेटिरासिटॅम, फॉस्फेनिटॉइन (किंवा जुनं फेनिटॉइन) आणि व्हॅल्प्रोएट. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ईसेट या अमेरिकी चाचणीत ३८४ रुग्णांना या तिघांपैकी एक औषध १० मिनिटांत शिरेतून दिलं. लेव्हेटिरासिटॅम किलोमागे ६० मि.ग्रॅ., फॉस्फेनिटॉइन (फेनिटॉइनच्या हिशेबात) २०, व्हॅल्प्रोएट ४०. डॉक्टरांनाही कोणाला काय मिळतंय ते माहीत नव्हतं. तासाभराने फिट थांबून शुद्ध सुधारत असलेले रुग्ण होते अनुक्रमे ४७, ४५ आणि ४६ टक्के. थोडक्यात, तिघांच्या ताकदीत फरक नाही. रक्तदाब कोसळणं आणि नळी घालावी लागणं फॉस्फेनिटॉइनच्या गटात थोडं जास्त दिसलं, पण तो फरक ठामपणे सिद्ध होण्याइतका नव्हता.

आपल्याकडचाही दाखला आहे. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये १५० रुग्णांना लोराझेपॅमनंतर याच तीन प्रकारच्या औषधांपैकी एक देऊन पाहिलं. तिथेही एक औषध दुसऱ्यापेक्षा निर्णायकपणे सरस ठरलं नाही.

ताकद सारखी असल्यावर निवड समोरचा रुग्ण बघून होते. हृदय, यकृत, गर्भ, आधीच्या गोळ्या. खालचे बरेच प्रश्न त्याचेच आहेत.

फेनिटॉइन देताना अर्धा तास लावतात आणि लेव्हेटिरासिटॅम पाच मिनिटांत संपवतात. असं का?

बरेचजण समजतात की फेनिटॉइन ‘कडक’ औषध आहे म्हणून हळू देतात. ते अर्धंच खरं. फेनिटॉइन पाण्यात विरघळत नाही. ते विरघळवायला ४० टक्के प्रॉपिलिन ग्लायकॉल आणि १० टक्के अल्कोहोल लागतं, शिवाय द्रावण १२ पीएचचं, म्हणजे अतिशय अल्कधर्मी करावं लागतं. भराभर गेलं की औषध आणि हे विद्रावक मिळून रक्तदाब पाडतात आणि हृदयाचे ठोके बिघडवतात. म्हणून प्रौढांत मिनिटाला ५० मि.ग्रॅ. ही कमाल मर्यादा, वयस्कर किंवा हृदयरोगी माणसाला त्याच्या निम्म्यानेच. साठ किलोंच्या माणसाला १२०० मि.ग्रॅ. द्यायचं तर कमीत कमी २४ मिनिटं झालीच. तेवढा वेळ ईसीजी मॉनिटर लावलेला हवा आणि रक्तदाब पुन्हा पुन्हा मोजलेला हवा. मॉनिटर नसेल आणि दुसरं औषध कपाटात असेल, तर ते दुसरं घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

लेव्हेटिरासिटॅम पाण्यात सहज विरघळतं. त्याच्या इंजेक्शनात प्रॉपिलिन ग्लायकॉल नाही, हृदयाच्या वहनावर (ठोके चालवणाऱ्या विजेच्या प्रवाहावर) त्याचा म्हणण्यासारखा परिणाम नाही, श्वास ते फारसं दाबत नाही आणि इतर औषधांशी फार भांडतही नाही. ब्रिटनमध्ये मुलांवर झालेल्या एक्लिप्स चाचणीत ते किलोमागे ४० मि.ग्रॅ. ५ मिनिटांत दिलं, तर फेनिटॉइनला किमान २० मिनिटं लावावी लागली. फिट थांबवण्यात दोघं जवळपास बरोबरीचे ठरले.

थोडक्यात, ‘शिरेतून झटपट देणं सुरक्षित आहे का’ या प्रश्नाला औषधाचं नाव जोडल्याशिवाय उत्तर नाही.

लेव्हेटिरासिटॅम सलाइनमध्ये न मिसळता थेट सिरिंजने दिलं. चूक झाली का?

कंपनीच्या माहितीपत्रकात १०० मि.लि. द्रावणात मिसळून १५ मिनिटांत द्यावं असं लिहिलेलं असतं, त्यामुळे हा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे. पण बऱ्याच रुग्णालयांनी बाटलीतलं औषध तसंच, न पातळ करता, दोन ते पाच मिनिटांत शिरेतून दिल्याचे अनुभव प्रसिद्ध केले आहेत, मोठ्या मात्रांचेही. टोचलेल्या जागी जळजळ, क्वचित रक्तदाबात थोडा उतार, गुंगी, एवढंच प्रामुख्याने आढळलं. हे अनुभव बहुतांशी जुन्या नोंदी चाळून काढलेले आहेत, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचण्यांचे नाहीत, हे लक्षात ठेवूनच त्यांचं वजन करावं.

या पद्धतीला जोर आला तो एका वादळामुळे. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने पोर्टो रिकोला झोडपलं. अमेरिकेला लागणाऱ्या सलाइनच्या छोट्या पिशव्या मोठ्या प्रमाणात तिथेच बनत. पिशव्यांचा तुटवडा झाला तेव्हा अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या फार्मसी विभागांनी कोणती औषधं पिशवीशिवाय देता येतील याची यादी केली. त्यात हे औषध होतं. पिशव्या परत मिळू लागल्या, तरी काही ठिकाणी जुनी पद्धत परत आली नाही, कारण औषध रुग्णापर्यंत लवकर पोहोचतं हे लक्षात आलं होतं.

सिस्टरांसाठी व्यवहाराची गोष्ट: ५०० मि.ग्रॅ.च्या बाटलीत ५ मि.लि. असतात. किलोमागे ६० ने साठ किलोंच्या रुग्णाला ३६०० मि.ग्रॅ. म्हणजे ३६ मि.लि., आठ बाटल्या फोडाव्या लागतात. हा ढीग बघून नातेवाईक घाबरतात आणि कधीकधी नवे डॉक्टरही. मात्रा बरोबरच असते, बाटली छोटी असते. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांत पुढच्या रोजच्या मात्रा कमी कराव्या लागतात, तेही ध्यानात असू द्यावं.

एवढं सुरक्षित आहे तर पहिलंच इंजेक्शन लेव्हेटिरासिटॅमचं का देत नाहीत?

लखनौला २०१२ साली असा प्रयत्न झाला होता. फिट थांबवण्यात लेव्हेटिरासिटॅम लोराझेपॅमच्या बरोबरीला आलं, आणि रक्तदाब पडणं, व्हेंटिलेटर लागणं लोराझेपॅमच्या गटात जास्त होतं. पण रुग्ण होते जेमतेम ७९. पहिल्या पायरीवर बेंझोडायझेपिन गटामागे उभा असलेला पुरावा याच्या कितीतरी पट आहे. व्हेंटिलेटरची सोय अजिबात नसलेल्या ठिकाणी एखादा अनुभवी डॉक्टर वेगळा विचार करेल, तर ते समजण्यासारखं आहे.

फेनिटॉइन दिल्यावर हात सुजून काळानिळा पडला. हे काय?

त्याला ‘पर्पल ग्लोव्ह’ म्हणतात. औषध शिरेबाहेर झिरपलं, किंवा न झिरपताही नाजूक शिरेला त्या अल्कधर्मी द्रावणाने इजा झाली, की सुईच्या खालचा हात दुखू लागतो, सुजतो, जांभळा होतो. बहुतेकांचा हळूहळू बरा होतो, क्वचित शस्त्रक्रियेपर्यंत जातं. म्हणून तळहातामागची बारीक शीर टाळून कोपराजवळची मोठी शीर घ्यावी, आधी आणि नंतर नॉर्मल सलाइनने शीर धुवावी, आणि डेक्स्ट्रोजमध्ये (साखरेच्या सलाइनमध्ये) फेनिटॉइन कधीही मिसळू नये, कारण त्यात त्याचे स्फटिक होतात. नातेवाइकांनी एवढंच करावं: ‘हात आग आग होतोय’ असं रुग्ण म्हणाला, तर ते लगेच सिस्टरना सांगावं. ड्रिप थांबवून बघणं त्यांचं काम आहे.

फॉस्फेनिटॉइनने ही कटकट मिटली नाही का?

शिरेपुरती बरीचशी मिटली. ते पाण्यात विरघळतं, फेनिटॉइनच्या हिशेबात मिनिटाला १५० मि.ग्रॅ.पर्यंत देता येतं. काहींना जांघेत आणि चेहऱ्यावर खाज किंवा मुंग्या येतात. ती ॲलर्जी नसते, वेग कमी केला की जाते. पण शरीरात गेल्यावर त्याचं फेनिटॉइनच होतं, तेव्हा मॉनिटर लागतोच.

खरी गोम मात्रेच्या हिशेबात आहे. १.५ मि.ग्रॅ. फॉस्फेनिटॉइन म्हणजे १ मि.ग्रॅ. फेनिटॉइन. त्यामुळे ७५ मि.ग्रॅ. लिहिलेलं मि.लि. प्रत्यक्षात ५० धरायचं असतं. हा घोळ होऊन मोठ्या चुका झालेल्या आहेत. मात्रा नेहमी ‘फेनिटॉइनच्या हिशेबात’ लिहावी आणि दोघांनी तपासावी.

व्हॅल्प्रोएट कोणाला नको?

गर्भवती, यकृताचा आजार असलेले, मायटोकाँड्रियाच्या (पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या भागाच्या) आजाराची शंका असलेले आणि दोन वर्षांखालची मुलं. बाकीच्यांना ते १० मिनिटांत देता येतं आणि रक्तदाबाला ते चांगलंच सौम्य आहे. आयसीयूत मेरोपेनेम हे अँटिबायोटिक चालू असेल तर मात्र रक्तातली व्हॅल्प्रोएटची पातळी धाडकन खाली येते आणि मात्रा वाढवूनही भागत नाही. दुसरं औषध निवडलेलं बरं.

बाबांना पेसमेकर सुचवला होता, पण बसवलेला नाही. हे सांगायला हवं का?

सर्वात आधी. हृदयाच्या वहनात अडथळा असेल तर फेनिटॉइन आणि फॉस्फेनिटॉइन देत नाहीत. अलीकडे वापरात आलेलं लॅकोसामाइडही वहन मंदावतं, म्हणून त्याआधी ईसीजी बघतात. अशा माणसाला लेव्हेटिरासिटॅम जास्त सोयीचं.

गरोदर बाईला फिट आली तर हीच औषधं?

विसाव्या आठवड्यानंतर किंवा बाळंतपणानंतर लगेच, रक्तदाब वाढून फिट आली असेल, तर औषध वेगळं: मॅग्नेशियम सल्फेट. १९९५ सालच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ते डायझेपॅम आणि फेनिटॉइन दोघांपेक्षा सरस ठरलं. ते मात्र झटकन ढकलायचं नसतं. शिरेतले पहिले ४ ग्रॅम निदान पाच मिनिटं लावून, शक्यतो त्याहून सावकाश देतात. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी सोबत दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम देतात, ती इंजेक्शनं चांगलीच दुखतात. पुढची मात्रा देण्याआधी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वासाची गती आणि लघवी बघायची. जास्त झालंच, तर कॅल्शियम ग्लुकोनेट हा उतारा हाताशी ठेवायचा.

तापात आकडी आलेल्या लहान मुलाला पण शिरेतून द्यावं लागतं?

सहसा नाही. सहा महिने ते पाच वर्षं वयात तापाची आकडी बहुधा दवाखान्यात पोहोचेपर्यंत थांबलेली असते. थांबलेल्या आकडीवर झोपेचं इंजेक्शन देऊ नये. मूल सावध होतंय का, मान ताठ आहे का हे कळायला ते जागं असावं लागतं. चालू असेल आणि पाच मिनिटं झाली असतील, तर मोठ्यांचेच नियम, मात्रा वजनावर. म्हणून मुलाचं अलीकडचं वजन आई-बाबांना तोंडपाठ असणं फार उपयोगाचं. वय कितीही असो, साखर आधी तपासावी. साखर उतरल्याने आलेली फिट कुठल्याही फिटच्या औषधाने मिटत नाही.

ती खरी फिट नव्हतीच, असं नंतर कळलं तर?

असं होतं. ईसेट चाचणीतसुद्धा सुमारे १० टक्के रुग्णांचे झटके मानसिक ताणातून आलेले निघाले. डोळे गच्च मिटलेले, झटके कमी-जास्त होत बराच वेळ चालणारे, डोकं एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला हलणारं, ही चित्रं शंका घ्यायला लावतात. तो रुग्ण सोंग करत नसतो. पण औषधावर औषध चढवत त्याला व्हेंटिलेटरवर नेऊन ठेवणं, ही झटपट उपचारांची सर्वात वाईट बाजू आहे. दुसऱ्या औषधाआधी अर्धा मिनिट नीट बघण्यात कुठलाही वेळ वाया जात नाही.

झटके थांबले, तासाभरानंतरही डोळे उघडत नाहीत. औषध जास्त झालं?

औषधाची गुंगी असू शकते, फिटनंतरचा थकवा असू शकतो. तिसरी शक्यता अशी, की अंग थांबलंय पण मेंदूतली फिट चालूच आहे. ते डोळ्यांनी कळत नाही, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) लागतो. ‘झोपू द्या, थकलाय’ असं कोणी म्हणालं, तर ईईजी कधी होणार आहे हे जरूर विचारा.

दवाखान्यात नेईपर्यंत आम्ही काय करावं, आणि पोहोचल्यावर काय सांगावं?

कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा यांतलं काही कामाचं नाही. दातखीळ बसली तरी तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, पाणी पाजू नका. १०८ ला फोन करा. डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलॅम स्प्रे लिहून दिलेला असेल, तर त्यांनी सांगितलेल्या तेवढ्याच फवाऱ्या मारा. बाटल्यांची ताकद वेगवेगळी असते, शेजाऱ्यांच्या स्प्रेचा हिशेब आपल्याला लावू नका.

पोहोचल्यावर: फिट किती वाजता सुरू झाली, वाटेत काय दिलं, रोजच्या गोळ्या कोणत्या (पाकिटंच घेऊन या), किती दिवस चुकल्या. गोळ्या चुकल्या असतील तर संकोच न करता सांगा. ओळखीच्या रुग्णाला पुन्हा फिट येण्याचं ते अगदी नेहमीचं कारण आहे. दारू, मधुमेह, गर्भ, यकृत, हृदय यांबद्दल कोणी विचारलं नाही तरी सांगा. क्षयरोगाच्या गोळ्या चालू असतील तर तेही: त्यांतलं आयसोनियाझिड जास्त पोटात गेल्याने आलेल्या फिटला बी-सिक्स जीवनसत्त्व द्यावं लागतं.

घरी आल्यावर कशावर लक्ष ठेवायचं?

लेव्हेटिरासिटॅम पुढे गोळ्यांतून चालू राहिलं, तर काही जण, विशेषतः मुलं, फार चिडचिडी होतात. स्वभाव बिघडला म्हणून रागावू नका, आणि गोळी आपल्या मनाने बंदही करू नका. डॉक्टरांना सांगा, पर्याय आहेत. फेनिटॉइन चालू असेल तर पहिले दोन महिने अंगावर पुरळ, तोंडात फोड, ताप, डोळे लाल होणं यांतलं काहीही दिसलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा आणि डिस्चार्जचा कागद सोबत न्या. त्यावर शिरेतून कोणतं औषध किती दिलं हे लिहिलेलं नसेल, तर घरी निघण्याआधीच लिहून मागा.